नवे टायर, तीच तक्रार: साइज बदलण्याआधी जुना टायर वाचा

तक्रार साधारण अशी असते. एर्टिगासारखी सात सीटची गाडी, कंपनीचे १८५/६५ आर १५ टायर. पहिला सेट पस्तीस-चाळीस हजार किलोमीटरच्या आतच गोटा (नक्षी झिजून गुळगुळीत) झाला. दुकानात सल्ला मिळाला, "एक नंबर मोठा टाका, गाडी वर उचलेल, ग्रिपही मिळेल." मोठे टाकले. मग स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून खर्र असा आवाज यायला लागला. मागे तिघं बसले की स्पीडब्रेकरवर टायर घासायला लागला, सीएनजीचं अॅव्हरेज पडलं. आणि वर्षभरानं पाहिलं तर नव्या टायरचीही आतली कड त्याच जागी झिजलेली. मग ब्रँड बदलतात आणि पुन्हा तेच.

इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र सोडवायला घेतलेले असतात. टायर लवकर का झिजला हा एक, आणि गाडीला कोणती साइज चालते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हवा, अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा सस्पेन्शनमध्ये असतं. ते न शोधता साइज बदलली की जुना दोष तसाच राहतो आणि वर नवे दोन चिकटतात.

जुना टायर दुकानात सोडू नका

टायर उतरवल्यावर तो कोणत्या चाकाचा होता हे खडूनं लिहा: पुढचा डावा, मागचा उजवा, असं. चारही टायर उन्हात आडवे ठेवून बघा.

दोन्ही खांदे (नक्षीच्या आतल्या-बाहेरच्या कडा) झिजलेत आणि मधली पट्टी शाबूत, तर हवा कमी राहत होती. मधली पट्टी झिजली तर हवा जास्त. फक्त एकच कड गेलीय, विशेषतः आतली, तर टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) किंवा कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर कललेलं असणं) बिघडलाय. जागोजागी खड्ड्यासारखे चट्टे असतील तर शॉक अॅब्सॉर्बर संपलेत, नाहीतर बॅलन्सिंग वर्षानुवर्षं झालेलं नाही.

टो बिघडल्याचं लक्षण डोळ्यांना उशिरा दिसतं, हाताला आधी कळतं. टायरच्या नक्षीवरून तळहात बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीचे दाते लागल्यासारखं वाटलं, तर टायर प्रत्येक किलोमीटरला थोडा थोडा तिरका घासत चाललाय. हे पाच हजार किलोमीटरलाही जाणवतं. त्या वेळी अलाइनमेंट केलं तर टायर वाचतो.

अलाइनमेंट करायच्या आधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड (चाक जागेवर धरणारे सांधे) हलवून बघायला सांगा. बुश फाटलेला असेल तर मशीनवर आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, येतील आणि पहिल्या खड्ड्यात पुन्हा हलतील. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. नुसतं "झालं" हे उत्तर चालवून घेऊ नका. एर्टिगासारख्या गाडीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असतो, त्यात टो-कॅम्बर फिरवायला बोल्ट नसतो. म्हणून मागचा टायर आतून झिजत असेल आणि मशीनवाला म्हणाला की मागचं अॅडजस्ट होत नाही, तर तो खरं बोलतोय. पण याचा अर्थ सोडून द्या असा नाही. हब बेअरिंगला खेळ आहे का आणि बीम कधी आदळून वाकलाय का, हे पाहणं बाकी आहे.

हवेचा हिशेब

इंदूरसारख्या ठिकाणी, जिथे थंडीत पहाटे तापमान दहाच्या आसपास येतं आणि मेमध्ये दुपारी बेचाळीसच्या घरात जातं, तिथे हवा एकदा भरून विसरता येत नाही. तापमान साधारण ६ अंशांनी बदललं की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआयनं (हवेच्या दाबाचं माप) बदलते. म्हणजे मे महिन्यात दुपारी ३३ भरली आणि पुन्हा गेज लावलंच नाही, तर जानेवारीच्या पहाटे तोच टायर २७-२८ वर उभा असतो, आणि यात महिन्याला होणारी नैसर्गिक गळती धरलेलीच नाही. दोन्ही खांदे झिजलेले टायर बहुतेक असेच तयार होतात.

हवा थंड टायरवर मोजायची. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा पंप घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत असावा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे. बऱ्याच गाड्यांवर पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो. सगळं कुटुंब आणि सामान घेऊन धुळे-नाशिककडे निघणार असाल तर तो दुसरा आकडा वापरा. सेंधव्याच्या बिजासन घाटात टायर तापल्यावर गेज ३८ दाखवेल, म्हणून हवा काढू नका. तापल्यावर ती वाढणारच, स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच आहे. पंपावरच्या मशीनवर दोन-तीन पीएसआयचा फरक सर्रास असतो, तेव्हा स्वतःचं साधं गेज गाडीत असू द्या. नायट्रोजनवर पैसे घालायची फारशी गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि कमी असलेला नायट्रोजनसुद्धा खांदे तितकेच झिजवतो.

हे सगळं ठीक असूनही टायर बदलायचेच आहेत, नक्षीतला १.६ मिलिमीटरचा उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आलाय, तर मग साइजचा विचार. कारच्या टायरसाठी कायद्यानं किमान खोलीही तीच आहे, पण पावसाळ्यासाठी ३ मिलिमीटरलाच बदलणं बरं. त्याखाली गेल्यावर साचलेलं पाणी बाहेर फेकण्याची ताकद झपाट्यानं कमी होते.

साइजचं गणित

१८५/६५ आर १५ ८८ एच याचा अर्थ: रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १२०, रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण व्यास ३८१ अधिक दोन वेळा १२०.२५, म्हणजे ६२१.५. मागचा ८८ हा भाराचा आकडा, एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० पर्यंतची वेगमर्यादा. टी म्हणजे १९०.

आता दुकानात सुचवल्या जाणाऱ्या साइज याच्याशी ताडून पाहू:

१९५/६० आर १५: व्यास ६१५, एक टक्का कमी, भार ८८. गाडी ३ मिलिमीटर खाली येते.
२०५/६० आर १५: व्यास ६२७, एक टक्क्याला थोडं कमी इतका जास्त, भार ९१. रुंदी २० मिलिमीटरनं जास्त.
१९५/६५ आर १५: व्यास ६३४.५, २.१ टक्के जास्त, भार ९१. गाडी साडेसहा मिलिमीटर वर.
२०५/६५ आर १५: व्यास ६४७.५, ४.२ टक्के जास्त. गाडी १३ मिलिमीटर वर.
१७५/६५ आर १५: व्यास ६०८.५, २.१ टक्के कमी, भार फक्त ८४.

ग्राउंड क्लिअरन्स व्यासाच्या निम्म्यानंच वाढतो, हे इथे लगेच दिसतं. "गाडी एक इंच वर येईल" असं कोणी म्हणालं तर त्यासाठी व्यास ५१ मिलिमीटरनं, म्हणजे आठ टक्क्यांनी वाढवावा लागेल. ते या गाडीच्या मडगार्डात बसणारच नाही. सहा मिलिमीटरसाठी बाकीची सगळी भानगड ओढवून घ्यायची का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आमचं मत विचाराल तर नाही.

व्यासातला फरक दीड टक्क्याच्या आत असेल तर गाडीला फारसं काही कळत नाही. दोनला स्पीडोमीटर, गिअर आणि जागा तिन्हीकडे फरक पडायला लागतो. तीनच्या वरची साइज, कंपनीनं स्वतः त्या मॉडेलला दिली नसेल तर, सरळ नको म्हणावी.

अॅव्हरेजच्या तक्रारीचा उलगडाही इथेच आहे. २.१ टक्के मोठ्या टायरवर गाडी प्रत्यक्षात १०,००० किलोमीटर चालते तेव्हा मीटरवर सुमारे ९,७९५ दिसतात. म्हणजे किलोला २० किलोमीटर देणारी सीएनजी गाडी कागदावर १९.६ दाखवते, गॅस जास्त लागलाच नाही, मीटरनं कमी मोजलं. त्याच्या पलीकडची घट खरी असते: टायर जड, रस्त्याशी घर्षण जास्त, आणि गिअरचा एकूण रेशो उंच झालेला. हा शेवटचा मुद्दा शहरात लक्षात येत नाही. इंदूर-खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढे भेरूघाटात सात जण बसवून चढा, जिथे आधी तिसरा गिअर चालायचा तिथे दुसरा टाकावा लागतो.

वेगाचंही तसंच. काटा ८० वर असताना खरा वेग त्या हिशेबानं दीड-पावणेदोन किलोमीटरनं जास्त असतो. कंपन्या मीटर मुळातच किंचित जास्त दाखवणारा ठेवतात, त्यामुळे लगेच चलन येईल असं नाही, पण ती मोकळीक तुम्ही टायरमध्ये खर्च केलीत.

भाराचा आकडा, जो कोणी विचारत नाही

दुकानात रुंदी, प्रोफाइल (ते ६५ टक्के), रिम आणि भाव एवढंच बोललं जातं. सात सीटच्या गाडीत खरा प्रश्न मागच्या एक्सलचा आहे. ८८ चा टायर ५६० किलो, म्हणजे एका एक्सलवर ११२० किलो. ८४ चा ५००, म्हणजे एक्सलवर १००० किलो. स्वस्त पडतो म्हणून १७५ चा टायर टाकला की मागच्या एक्सलची १२० किलो ताकद गेली, म्हणजे जवळपास दोन माणसं. सीएनजीचं सिलिंडर मागेच बसलेलं असतं, तिसऱ्या रांगेतली मंडळी मागेच, बॅगाही मागेच. म्हणून स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलात तर हरकत नाही. वेगाच्या अक्षराचंही तेच.

एक्सएल म्हणजे जादा भाराचा टायर घेतला की कमी हवेवर चालेल असा एक समज आहे. उलट आहे. साध्या टायरची भारक्षमता साधारण ३६ पीएसआयला मोजलेली असते, एक्सएलची ४२ ला. दोघांत ३० भरली तर एक्सएलला विशेष काही जास्त पेलत नाही. त्याचा फायदा हवा योग्य ठेवणाऱ्यालाच.

रिम

रिमच्या आत किंवा आऱ्याच्या मागे ५½ जे, ६ जे असं कोरलेलं असतं. ती रिमची रुंदी, इंचात. १८५/६५ चा टायर ५ ते ६½ इंचांच्या रिमवर बसतो. १९५ च्या टायरला किमान ५½ लागतो, आणि तिथे तो त्याच्या खालच्या मर्यादेवर असतो. २०५ चा टायर ५½ वर चढवता येतो, पण बीड (रिमवर बसणारी टायरची कड) आत ओढला जातो, साइडवॉल फुगीर होते आणि वळणावर गाडी आधी डोलते, मग वळते. मोठा टायर टाकल्यावर "स्टिअरिंग ढिलं वाटतंय" ही तक्रार बहुतेक इथून येते, आणि गॅरेजमध्ये उगाच स्टिअरिंग रॅक उघडला जातो. रिम अर्धा इंच अरुंद असला की टायरची प्रत्यक्ष रुंदी सुमारे ५ मिलिमीटर कमी भरते, म्हणजे ज्या रुंदीचे पैसे दिले तीही पूर्ण मिळत नाही.

रिमच १६ इंची करायचं असेल तर १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ येतो, मूळ टायरशी जवळजवळ तंतोतंत. बलेनोच्या वेगवेगळ्या मॉडेलांत १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ अशा दोन्ही साइज कंपनीनं दिल्या आहेत, त्या याच गणितानं. पण साइडवॉल १२० वरून १०७ वर येते. खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये १३ मिलिमीटर रबर कमी, आणि त्या टायरचा सर्वसाधारण भार ८७, म्हणजे ५४५ किलो. बलेनोला तो चालतो. सात सीटला ९१ चा एक्सएलच शोधावा लागेल. ज्यांची मूळ तक्रार साइडवॉलला फुगा येण्याची आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये.

फुगा का येतो

साइडवॉलवर लिंबाएवढा उंचवटा आला की लोक टायरला शिव्या घालतात. आतले दोरे तुटलेले असतात, आणि ते जवळपास नेहमी आदळल्यामुळे तुटतात: टायर रिमच्या ओठात आणि खड्ड्याच्या कडेत चिमटला जातो. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्त्याची बाजू खचते आणि सिमेंट रस्त्याची कड उघडी पडते. समोरच्याला जागा द्यायला चाक खाली उतरवलं आणि तसंच तिरपं वर चढवलं की साइडवॉल त्या कडेवर घासते. डावीकडचेच टायर पुन्हा पुन्हा जात असतील तर हेच कारण समजा. वर चढताना वेग कमी करून चाक शक्य तितकं सरळ घ्या. हवा कमी असेल तर चिमटा बसायला लहान खड्डाही पुरतो.

फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. आतून पॅच लावून देतो म्हणणारे भेटतील. त्या टायरवर घाट उतरू नका. उत्पादन दोषाच्या वॉरंटीत आदळल्याचं नुकसान सहसा बसत नाही, तेव्हा त्यावर विसंबून बजेट करू नये.

घासतंय का, हे दुकानातच बघा

वेगळी साइज घ्यायचीच असेल तर चारही टायर बसवून पैसे देण्याआधी ही तपासणी करा. आधी पुढचा एकच टायर चढवून गाडी जमिनीवर घ्या. स्टिअरिंग डाव्या टोकापर्यंत, मग उजव्या. टायरची बाहेरची कड आणि मडगार्डचं प्लास्टिक लायनर यात बोट सहज गेलं पाहिजे. मग आत हात घालून टायर आणि सस्पेन्शन स्ट्रट यांमधली जागा बघा. रुंद टायर बऱ्याचदा बाहेर नाही, इथे लागतो. तिथे किमान ६-७ मिलिमीटर हवेत, कारण वळणावर टायर वाकतो.

मागे जागा रिकाम्या गाडीत नेहमीच भरपूर दिसते. टायरच्या खांद्यावर खडूचा जाड पट्टा ओढा, तिसऱ्या रांगेत आणि डिकीत मिळून दीडेकशे किलो भार टाका, एखाद्या उंच स्पीडब्रेकरवरून दोनदा जा. लायनरवर खडू उमटला की ती साइज बाद. लायनर कापून देतो, हीट गननं दाबून देतो किंवा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाकून देतो असा उपाय सुचवला गेला तर तो नाकारा. लायनर कापला की चिखल सरळ वायरिंगवर जातो, आणि स्पेसरमुळे बेअरिंगवरचा ताण वाढतो.

कंपनीनं त्याच मॉडेलच्या, त्याच पिढीच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेली साइज असेल तर ही झंझट बरीच कमी होते. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ येत असे, व्यास ६१९.६ आणि ६२१.५. अशी अदलाबदल रिमसकट निर्धास्त करा. सारख्या दिसणाऱ्या भावंड गाडीची साइज मात्र तपासल्याशिवाय उचलू नका. मारुतीच्याच एक्सएल ६ या गाडीला २०२२ पासून १९५/६० आर १६ मिळतो, त्याचा व्यास ६४०.४, म्हणजे १८५/६५ पेक्षा तीन टक्के मोठा. दोन्ही गाड्या एकाच घरच्या आहेत, एवढ्यानं तो एर्टिगात टाकावा असं होत नाही.

घेताना आणि बसवताना

साइडवॉलवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा-आठ महिन्यांचा टायर चालतो, दीड-दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला सवलतीत देत असतील तरी नको. चारही टायरचे आकडे बघा. तीन ताजे आणि एक जुना हा प्रकार होतो. आयएसआय खूण असावी.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे टाका. गाडी पुढच्या चाकांवर ओढते म्हणून नवे पुढे टाकायची पद्धत आहे, पण पावसात पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंगवर कळतं आणि अॅक्सलरेटरवरचा पाय काढला की सावरतं. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते. एका एक्सलवर दोन वेगळ्या साइज, किंवा एक गोटा आणि एक नवा, असं अजिबात नको.

ट्यूबलेसचे रबरी व्हॉल्व्ह टायरसोबतच बदला, किरकोळ खर्च आहे. बॅलन्सिंगला एका चाकावर ६०-७० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर आणखी वजन चिकटवू देऊ नका. टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा मोजायला सांगा, निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. नट न्यूमॅटिक गननं ठोकून घट्ट केले असतील तर शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्यावर, आणि अलॉय असेल तर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक आणि वळणं जरा सांभाळून. नव्या रबरावर साच्यातून येणारा निसरडा थर असतो. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरच्या जागांची अदलाबदल आणि अलाइनमेंटचा प्रिंट.

साइज बदललीत आणि स्टेपनी जुन्याच साइजची राहिली, तर पंक्चर झाल्यावर ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, ५०-६० च्या वेगानं आणि शक्यतो मागच्या चाकाला. पुढचा टायर पंक्चर झाला असेल तर मागचा चांगला टायर पुढे घ्या आणि स्टेपनी मागे. पुढे दोन वेगळ्या व्यासांची चाकं असली की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) सतत फिरत राहतो आणि एबीएसला दोन चाकांचा वेग जुळत नाही. स्टेपनीचेही चार आकडे वाचा. बहुतेक गाड्यांत ती गाडीइतकीच जुनी असते, आणि तिच्यातली हवा शेवटची कधी पाहिली हे घरात कोणालाच सांगता येत नाही.